टाइम ट्रॅव्हलच्या शॉर्ट फिल्मचं ॲनालिसिस कसं करायचं: मशीन सोडा, कट बघा

टाइम ट्रॅव्हलची शॉर्ट फिल्म बघून झाली की सगळे एकाच गोष्टीवर तुटून पडतात, लॉजिकवर. तो मागे गेला तर मग हा दुसरा कोण, ती चिठ्ठी मुळात लिहिली कोणी, मशीन बंद होतं तर सुरू कसं झालं. मलाही हे आवडतं, तासन्‌तास घालवलेत मी यात. पण तुम्हाला फिल्ममेकिंगच्या टेक्निकवर लिहायचं असेल, मग ती असाइनमेंट असो किंवा स्वतःची फिल्म करायच्या आधीचा अभ्यास, तर ही चर्चा थोडी बाजूला ठेवायला लागते कारण ती कथेची चर्चा आहे, फिल्मची नाही. माझं पहिलं ॲनालिसिस चार पानांचं होतं आणि चारही पानं पॅराडॉक्सवर, म्हणजे असल्याच न सुटणाऱ्या कोड्यांवर. एका सीनियरने ते वाचलं आणि एवढंच विचारलं, या सगळ्यात कॅमेरा कुठे होता? मला सांगता येईना. फिल्म तीनदा बघितली होती आणि एकही शॉट डोळ्यांसमोर नीट येत नव्हता. त्यानंतर जे जे शिकत गेलो ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. शॉर्ट फिल्ममध्ये काळाच्या मागेपुढे नेतो तो कट. मशीन नुसतं प्रॉप, म्हणजे सेटवर ठेवलेली वस्तू असतं. माणूस खोक्यात शिरतो, दार लागतं, कट, दार उघडतं आणि आपण मान्य करून टाकतो की वेळ बदलली, पडद्यावर प्रत्यक्षात एवढंच घडलंय की एक शॉट संपला आणि दुसरा सुरू झाला. ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे, जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाने १८९६ मध्ये कॅमेरा मध्येच थांबवून, खुर्चीतल्या बाईला बाजूला करून, पुन्हा कॅमेरा चालू करून बाई गायब करून दाखवली होती. म्हणून फिल्मभर एकच प्रश्न सोबत ठेवायचा: आत्ता आपण कुठल्या वेळेत आहोत हे मला कशावरून कळलं? घड्याळावरून, उजेडावरून, कपड्यांवरून, आवाजावरून की कोणीतरी बोलून दाखवलं म्हणून? आणि कळलं नसेल तर ते फिल्मने मुद्दाम लपवलं की तिला नीट सांगता आलं नाही?

समजायला सोपं जावं म्हणून एक फिल्म मनातल्या मनात तयार करू. नऊ मिनिटांची, दोन खोल्या, एकच मुलगी. ती बाहेरच्या खोलीत फोनची वाट बघत बसलीये. आतून धप्प असा आवाज येतो, ती बघायला आत जाते, खुर्ची आडवी पडलेली, बाकी कोणी नाही. तेवढ्यात बाहेर फोन वाजतो, ती धावत येते पण रिंग थांबलेली असते. हा फोन तिला कुठल्याही परिस्थितीत उचलायचा होता, म्हणून ती दहा मिनिटं मागे जाते. पोचते ती आतल्या खोलीत, घाईत खुर्चीला धडकते, खुर्ची पडते. बाहेर बसलेली तिचीच आधीची ती आवाज ऐकून आत येते, ही दाराआड लपते आणि फोन वाजत राहतो. म्हणजे फोन चुकला तो हिच्यामुळेच. पुढे सगळं या फिल्मला धरून सांगतो.

पहिल्यांदा बघताना वही-पेन काहीही हातात घेऊ नका, सरळ बघा. फक्त संपल्या संपल्या दोन-तीन ओळी लिहा, कुठे गोंधळलात, कुठे पोटात कसंतरी झालं, कुठे आधीच कळलं होतं. या ओळी जपून ठेवा कारण ही अवस्था परत मिळत नाही, दुसऱ्यांदा बघताना तुम्हाला शेवट माहीत असतो आणि पहिल्यांदा फिल्मने तुम्हाला कसं फिरवलं हे आठवून लिहिणं जवळजवळ अशक्य असतं.

मग शॉट लिस्ट. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही, आणि फिल्म शॉर्ट असल्यामुळे एका बैठकीत होतं. स्प्रेडशीट उघडा, प्रत्येक कटला नवी ओळ. नंबर, टाइमकोड (शॉट फिल्ममध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला येतो), शॉट किती सेकंद चालला, क्लोजअप (जवळून) की वाइड (लांबून), कॅमेरा हलला का, आवाज काय, आणि एक कॉलम खास या प्रकारच्या फिल्मसाठी: ‘कुठली वेळ, आणि कशावरून’. यूट्यूबवर बघत असाल तर पॉज करून कीबोर्डवरचं स्वल्पविरामाचं बटण एक फ्रेम मागे नेतं आणि पूर्णविरामाचं एक फ्रेम पुढे. व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. कट नेमका कुठल्या फ्रेमवर पडलाय हे असंच सापडतं, नुसत्या डोळ्यांनी अंदाज चुकतो.

लिस्ट झाली की थोडा हिशोब करा. समजा आपल्या फिल्ममध्ये ७२ शॉट निघाले, ५४० सेकंद भागिले ७२ म्हणजे सरासरी साडेसात सेकंदांचा एक शॉट. हा आकडा एकटा काही बोलत नाही. पण ती मागे जाण्याआधीच्या तीन मिनिटांत १२ शॉट असतील आणि नंतरच्या सहा मिनिटांत ६०, तर आधी सरासरी १५ सेकंद आणि नंतर ६, म्हणजे वाट बघतानाची वेळ लांबवलीये आणि दुसऱ्यांदा तीच वेळ तुकडे तुकडे केलीये. आता तुमच्या हातात म्हणण्यासारखं काहीतरी आलं.

याच्याच जोडीला प्रत्येक शॉटचा एक स्क्रीनशॉट काढून सगळे एका पानावर ओळीने लावा. मला स्वतःला ही पायरी सगळ्यात जास्त आवडते. फिल्म चालू असताना जे दिसत नाही ते इथे भसकन दिसतं: निळसर शॉट कुठून सुरू झाले, मुलगी आधी फ्रेमच्या डावीकडे होती ती कुठल्या शॉटपासून उजवीकडे गेली, दाराची चौकट किती वेळा आली. रंगाबद्दल एक सांगतो, भूतकाळ पिवळट आणि वर्तमान निळा हे इतक्या वेळा झालंय की नुसतं ‘भूतकाळासाठी वॉर्म टोन वापरलाय’ असं लिहून काही साधत नाही. रंग कटसोबत झटक्यात बदलतो की हळूहळू सरकतो, आणि कुठल्या शॉटमध्ये तो नियम फिल्मनेच मोडलाय, हे शोधा. मोडलेल्या जागी बहुतेक वेळा दिग्दर्शकाला काहीतरी म्हणायचं असतं.

आता कागदावर दोन आडव्या रेघा मारा. वरच्या रेघेवर घटना पडद्यावर ज्या क्रमाने दिसतात तशा, खालच्या रेघेवर घड्याळाच्या क्रमाने, आणि तीच घटना वर-खाली रेघेने जोडा. साध्या सरळ फिल्ममध्ये या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. टाइम ट्रॅव्हलमध्ये त्या एकमेकींना छेदतात, आणि जिथे जास्त गुंता झालाय तिथल्याच शॉटवर जास्त वेळ द्या. आपल्या फिल्मचा कागद काढला तर दिसेल की खुर्ची पडणं ही घड्याळाच्या रेघेवर एकच घटना आहे पण पडद्याच्या रेघेवर ती दोनदा आलीये, एकदा फक्त आवाज म्हणून आणि एकदा चित्रासकट.

इथेच या प्रकारच्या फिल्मचं खरं काम असतं, परत आलेल्या सीनमध्ये. तोच क्षण दुसऱ्यांदा दाखवताना दिग्दर्शकापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात. तोच शॉट जसाच्या तसा पुन्हा वापरायचा, किंवा तोच टेक (म्हणजे शूटिंगच्या वेळी एका दमात केलेला तोच अभिनय) दुसऱ्या कॅमेऱ्यातून म्हणजे वेगळ्या अँगलने दाखवायचा, किंवा सीन नव्याने शूट करायचा. यातलं काय केलंय ते ओळखणं हे तुमचं काम. दोन्ही जागा दोन विंडोत शेजारी शेजारी लावा आणि मुलीकडे बघू नका, मागच्या गोष्टींकडे बघा. पडदा कसा हलतोय, केसांची बट कानामागे आहे की पुढे, बाहेरून कुठला आवाज येतोय, वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर पडतो. सगळं तंतोतंत जुळलं तर टेक तोच आहे. आणि हे फक्त तांत्रिक कुतूहल नाहीये, प्रेक्षकावर याचा सरळ परिणाम होतो. तोच टेक परत आला की मनात कुठेतरी बसतं की हे घडून गेलंय, आता बदलणार नाही. नवा टेक असेल, वाक्य जरा वेगळं आलं, तर वाटतं की अजून काहीतरी होऊ शकतं. कथा काहीही सांगत असो, नशीब ठरलेलं आहे की नाही याचं उत्तर फिल्म बऱ्याचदा या निवडीतून देऊन मोकळी होते. कधीकधी नवा टेक नाइलाजाने घेतलेला असतो हेही खरं, नटी परत उपलब्ध नसते, उजेड गेलेला असतो, पण प्रेक्षकाला जे दिसतं ते दिसतंच, आपण त्यावर लिहायचं.

कॅमेरा रेषेच्या कुठल्या बाजूला आहे तेही याच ठिकाणी तपासा. १८० अंशांचा नियम माहीत असेलच, दोन बिंदूंमध्ये एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा म्हणजे डावं-उजवं फिरत नाही. आपल्या फिल्ममध्ये पहिल्यांदा ती दाराकडे डावीकडून उजवीकडे जाते. दुसऱ्यांदा तेच चालणं दाराआडून दिसतं, आता ती उजवीकडून डावीकडे येते. खोली तीच, पावलं तीच, पण दिशा उलटल्यामुळे अंगावर काटा येतो, कारण मघाशी आपण तिच्यासोबत जात होतो आणि आता ती आपल्या अंगावर चालून येतेय. असं एक निरीक्षण जरी तुमच्या लिखाणात आलं तरी ते दहा सामान्य वाक्यांना भारी पडतं.

आवाजासाठी फिल्म दोनदा चालवा. एकदा म्यूट करून आणि एकदा हेडफोन लावून डोळे मिटून. म्यूट केल्यावर कळतं की वेळ बदलल्याचं चित्र एकटं सांगू शकतंय का, बऱ्याच फिल्ममध्ये नाही सांगू शकत, सगळा भार त्या एका ‘झुऊऊप’ आवाजावर टाकलेला असतो. डोळे मिटून ऐकलं की फ्रेमच्या बाहेरचे आवाज सापडतात. तो पहिला धप्प. पहिल्यांदा ऐकताना ते एक साधं कोडं असतं, आत काहीतरी पडलं. दुसऱ्यांदा ऐकताना आपल्याला माहीत असतं की पलीकडे तीच आहे. आवाज एक, अर्थ दोन, आणि त्यासाठी कॅमेऱ्याने पहिल्या वेळी आत न जाण्याचा संयम दाखवलाय हे लिहा. काय दाखवलं याच्याइतकंच काय दाखवलं नाही हेसुद्धा टेक्निकच असतं. कट पडायच्या आधीच पुढच्या सीनचा आवाज सुरू होतो त्याला जे-कट म्हणतात, आणि चित्र बदलल्यावरही मागचा आवाज रेंगाळतो तो एल-कट. इतर फिल्ममध्ये हे बहुतेक वेळा जोडणी गुळगुळीत करायला वापरतात, इथे मात्र जे-कट म्हणजे पुढची वेळ आधीच आत झिरपणं होऊ शकतं, म्हणून असा प्रत्येक कट लिस्टमध्ये वेगळ्या रंगाने मार्क करा.

एकच माणूस दोनदा एका फ्रेममध्ये दिसतो तेव्हा तो शॉट कसा केला असेल हे शोधायला मला आजही तितकीच मजा येते. कमी साधनांत केलेल्या फिल्ममध्ये सहसा कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवतात, आधी डावीकडची मुलगी शूट करतात, मग तिचे कपडे बदलून उजवीकडची, आणि दोन्ही अर्ध्या फ्रेम जोडतात. जोड शोधायची असेल तर उभ्या रेघा बघा, दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, कपाटाची कड. दोघी ती रेघ ओलांडत नाहीत, एकीची सावली दुसरीवर पडत नाही, आणि नजरा किंचित चुकतात कारण शूटच्या वेळी समोर कोणी नव्हतंच. कॅमेरा हलत असेल तर मग बहुतेक पाठमोरी डबल, म्हणजे तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी असते, एका वेळी एकच चेहरा दिसतो. सापडलं की ‘पकडलं’ म्हणून थांबू नका. स्थिर कॅमेरा आणि मध्ये चौकट ही मर्यादा होती, पण तिचा वापर कसा झालाय? आपल्या फिल्ममध्ये चौकटीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, मध्ये हातभर अंतर आणि तरी हाक मारता येत नाही, तर त्या मर्यादेतूनच फिल्मचं सगळ्यात दुखरं चित्र तयार झालं.

उलट्या चालवलेल्या शॉटचं थोडक्यात. हेही खूप जुनं, सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंची भिंत पाडण्याची छोटी फिल्म १८९६ ची, ती दाखवताना उलटी चालवून पडलेली भिंत परत उभी करायचे. उलटा शॉट ओळखायचा तर धूर, पाणी आणि पाय बघा. सरळ चालताना टाच आधी टेकते, उलट्या चालीत पावलांचं वजन विचित्र पडतं. नट उलटा चालला आणि मग शॉट उलटा फिरवला तर तो सरळ जाताना दिसतो पण बाकी जग मागे जातं, आणि ते बघताना आधी का विचित्र वाटतंय हेच कळत नाही.

एक खरं उदाहरण देतो, कारण टेक्निक आणि कालप्रवास इतके एकजीव झालेली दुसरी शॉर्ट फिल्म मला माहीत नाही. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करची ‘ला जेते’, १९६२, साधारण २८ मिनिटं. कथेतल्या तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली राहणारी माणसं एका कैद्याला त्याच्या लहानपणीच्या एका आठवणीच्या आधाराने भूतकाळात पाठवतात. मशीन म्हणावं असं जवळजवळ काही नाही, माणूस झोपलेला आणि डोळ्यांवर काहीतरी बांधलेलं. आणि जवळजवळ सगळी फिल्म स्थिर फोटोंची आहे, एकापुढे एक फोटो, वर निवेदकाचा आवाज. मध्ये एका ठिकाणी झोपलेल्या बाईचे फोटो एकमेकांत विरघळत जातात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढत वाढत अगदी कानठळ्या बसेपर्यंत जातो, आणि मग ती डोळे उघडून पापणी लववते. फोटोत नाही, खरोखर हलणाऱ्या चित्रात. काही सेकंद. अख्ख्या फिल्ममध्ये फक्त तिथेच हालचाल आहे.

आता याचं ॲनालिसिस कसं करायचं? ‘फोटो वापरल्यामुळे फिल्म वेगळी वाटते’ हे वाक्य फेकून द्या. असं बघा: ज्याच्याकडे आठवणीच उरल्यात त्या माणसाला जग फोटोंसारखंच दिसणार, थांबलेलं, तुकड्यांचं. फिल्मने अर्ध्याहून जास्त वेळ आपल्याला त्या थांबलेपणाची सवय लावली, म्हणून एका पापणीला एवढं वजन आलं, तेवढ्या क्षणापुरता भूतकाळ आठवण राहत नाही, तो चालू वर्तमान होतो. आणि लगेच कट पडतो तो प्रयोग करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर, परत फोटो. पापणीच्या आधीचे डिझॉल्व्ह, म्हणजे एका फोटोचं दुसऱ्यात विरघळणं, मोजा, ते कसे जवळ जवळ येत जातात बघा, किलबिलाट नेमका कुठे तुटतो ते बघा. हा एवढा तुकडा फ्रेम फ्रेम करून बघितला तर संकलनाबद्दल मला वाटतं अख्खा कोर्स करण्याइतकं कळतं.

लिहायला बसाल तेव्हा सापडलेलं सगळं ओतू नका. एक दावा निवडा, एका वाक्यात मावेल असा. आपल्या फिल्मसाठी मी असा घेईन: ‘पहिल्या वेळी फिल्म कानाने सांगते आणि दुसऱ्या वेळी डोळ्याने, त्यामुळे मुलीची चूक आपल्याला तिच्या आधी कळते.’ मग या दाव्याला लागू पडणारेच शॉट घ्यायचे, तीन-चार पुरेत, टाइमकोडसकट. प्रत्येकाबद्दल आधी काय दिसतं आणि ऐकू येतं ते साधं लिहा, मग ते बघताना प्रेक्षकाला काय कळतं किंवा काय वाटतं ते. ‘दिग्दर्शकाने क्लोजअप वापरून भावना प्रभावीपणे मांडल्या आहेत’ असलं वाक्य आलं की थांबा आणि विचारा, हे दुसऱ्या कुठल्या फिल्मबद्दलही जसंच्या तसं लिहिता आलं असतं का? आलं असतं तर खोडा. त्याऐवजी ‘७:४० ला फोन वाजायला लागतो तेव्हा फ्रेममध्ये फक्त तिचा दाराच्या कडेवरचा हात आहे, फोन दिसत नाही, चेहरा दिसत नाही, आणि प्रत्येक रिंगला बोटं थोडी वर येऊन परत टेकतात’ असं लिहा, भावना हा शब्द न वापरता ती पोचते.

दाव्याच्या विरोधात जाणारा एखादा शॉट सापडला तर लपवू नका, उलट त्याच्यावर एक परिच्छेद द्या. मला तरी असे परिच्छेद वाचायला जास्त आवडतात, लिहिणाऱ्याने फिल्म खरंच बघितलीये हे तिथे कळतं. पॅराडॉक्सबद्दल लिहायचं असेलच तर शेवटी दोन ओळी, आणि तेही तो पॅराडॉक्स कुठल्या शॉटमध्ये उघडा पडतो ते सांगत.

सगळं लिहून झालं की ज्याने फिल्म बघितली नाही अशा कोणाला तरी द्या आणि त्याला सांगा की खोलीचा नकाशा काढून दाखव, दार कुठे, फोन कुठे, दोघी कुठे, कॅमेरा कुठे. त्याला जिथे काढता येणार नाही, तिथला शॉट परत उघडून बघा.